खासगी इस्पितळाचं बिल : दर सरकारने ठरवावेत, की हिशेब द्यायला लावावा?

म्हार्दोळची_जाई (धागाकर्ती)

खासगी इस्पितळांवर सरकारचं नियंत्रण असावं की नसावं, हा वाद आता जुना झाला. नियंत्रण आहेच. १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, २०१९ मध्ये गोव्याने स्वतःचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे इस्पितळं-दवाखान्यांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा केला. कोविडच्या वेळी, मे २०२१ मध्ये, खासगी इस्पितळांत कोविड रुग्ण दाखल करून घेण्याचं काम सरकारने स्वतःच्या हातात घेतलं, तेही आपण पाहिलं. सरकारने मनात आणलं तर करता येतं. माझा प्रश्न असा की या सगळ्यातून काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय येतं?

निमित्त घरचंच. आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन एका खासगी इस्पितळात झालं. नाव देणार नाही, कृपया कोणी विचारू नये. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर सज्जन, आत्या पेजेवरून पुन्हा माशाच्या हुमणावर आली आहे. उपचाराबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पण आधी "सव्वा लाखाच्या आसपास" सांगितलं होतं आणि बिल आलं एक लाख ब्याण्णव हजारांचं. त्यात 'कन्झ्युमेबल्स' (सिरिंज, हातमोजे असल्या वापरून टाकायच्या वस्तू) अशी एकच ओळ, त्रेचाळीस हजार. 'इतर सेवा' अशी आणखी एक, अकरा हजार. हे काय म्हणून विचारलं तर "सिस्टीममधून असंच येतं". तपशील मागितला तर "अकाउंट्सवाले सोमवारी येतील". डिस्चार्ज होता शनिवारी, आणि पैसे भरल्याशिवाय गेटपास नाही.

सरकारने ऑपरेशनांचे दर बांधून द्यावेत का? की दर त्यांचे त्यांनी ठरवावेत, पण प्रत्येक ओळीचा हिशेब पैसे भरण्याआधी हातात देणं सक्तीचं व्हावं? मला दुसरं जास्त गरजेचं वाटतं. तुमचे अनुभव सांगा.

---

पात्रांव

दर बांधून काय होतं ते दाबोळी विमानतळावर उतरून बघा. टॅक्सीचे सरकारी दर आहेत, मीटर बसवायचे आदेश झाले, संप झाले, अ‍ॅप आलं. तरी भाडं ठरतं ते तुमच्या हातातल्या सुटकेसकडे बघून!

---

कुडतरी_कट्टा

पात्रांव, टॅक्सीवाल्यांना मध्ये ओढू नका. माझ्या भावाची टॅक्सी आहे, मीटर लावून चालतो. कर्जाचा हप्ता, विमा, पासिंग हे सगळं त्यालाच भरावं लागतं.

---

पात्रांव

भावाचा नंबर द्या, पुढच्या वेळी त्यालाच बोलावतो. मनापासून.

---

डॉ_सांगेकर

जाईताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी दुसऱ्या बाजूचा माणूस. सांगे तालुक्यात माझं पंधरा खाटांचं नर्सिंग होम आहे, मी आणि माझी पत्नी मिळून चालवतो.

आधी दर बांधण्याबद्दल. पित्ताशयाचं ऑपरेशन म्हटलं की बाहेरच्याला ते एकच वाटतं. एकाचं पाऊण तासात दुर्बिणीतून होतं. दुसऱ्याला आधी दोनदा सूज येऊन गेलेली असते, सगळं चिकटलेलं असतं, दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं, मग रुग्ण जास्त दिवस राहतो, रक्त लागतं. दोघांना एकच दर लावला तर पहिल्याला महाग पडेल आणि दुसऱ्याला कोणी हात लावणार नाही. त्याला पुढे पाठवून देतील. हे अवघड रुग्ण पुढे ढकलणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आता नियमांबद्दल. नोंदणी, अग्निशमन दाखला, जैव कचऱ्याचा करार, प्रदूषण मंडळाची संमती, सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालची) नोंदणी, एक्स-रेचा वेगळा परवाना, औषध दुकानाचा वेगळा. यातलं एकही अनावश्यक आहे असं मी म्हणणार नाही. पण मोठ्या इस्पितळात या कामाला एक खातं असतं. माझ्याकडे रात्री बाळंतपण करून आलेली माझी बायको सकाळी फायली घेऊन बसते. दोनशे खाटांना आणि पंधरा खाटांना एकच माप लावलंत तर पंधरावाले बंद होतील आणि नेत्रावळीच्या बाईला थेट मडगाव गाठावं लागेल.

हिशेबाबद्दल मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने. तपशीलवार बिल देता येत नाही हे कारण मला पटत नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक सिरिंजची नोंद असते, नाहीतर आमचा स्टॉक जुळणारच नाही.

---

तिस्क_फोंडा

माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं. गोव्यात खासगीवाल्यांना आजवर खरा लगाम कोणी घातला असेल तर तो बांबोळीने. तिथे गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज आहे, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळ आहे, तिथे बायपासपासून डायलिसिसपर्यंत होतं. त्यामुळे खासगीवाला एका मर्यादेपलीकडे ताणू शकत नाही, माणूस उठून बांबोळीला जातो. नवी खाती आणि नवे इन्स्पेक्टर नेमण्यापेक्षा तो पैसा सरकारी इस्पितळांत घाला. बाजूला चांगलं आणि फुकट मिळत असेल तर महाग विकणारा आपोआप जमिनीवर येतो.

---

म्हार्दोळची_जाई

@तिस्क_फोंडा, तत्त्व मान्य. पण आत्याला कळा येत होत्या आणि घरी तिच्या सोबत कोणी नाही. आम्हाला जवळचं हवं होतं. अशा वेळी माणूस दोन दुकानांत भाव विचारून येत नाही. आणि गावात एकच नर्सिंग होम असेल तर स्पर्धा कोणाशी?

---

दोडामार्गी

आमका तर बांबोळीच जवळ. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जाण्यापेक्षा गोव्यात लवकर पोचतो. २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झालं, तरीही जातो, कारण अपघात झाला तर दुसरं आहे कुठे? घाई असेल तर म्हापशाच्या किंवा पर्वरीच्या खासगी इस्पितळात. तिथे आमच्याकडे गोव्याच्या आरोग्य योजनेचं कार्ड नसतं, सगळं रोख. आणि रोख भरणाऱ्याला दर वेगळा लागतो, हे मी स्वतः पाहिलंय. जाईताईंच्या प्रश्नात आमचा पण विचार व्हावा.

---

हिशेबनीस

विमा दावे तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर.

जाईताई, आत्यांना खोली कुठली होती? सव्वा लाख सांगितले ते जनरल किंवा ट्विन शेअरिंगसाठी आणि प्रत्यक्षात एसी सिंगल, असं झालं का? बहुतेकांना वाटतं खोली बदलली की फक्त खोलीभाडं वाढतं. तसं नसतं. बऱ्याच इस्पितळांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) आकार, डॉक्टरांच्या राउंडचे पैसे, काही ठिकाणी तपासण्यासुद्धा खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. तीच सुई, तोच सर्जन, तेच टेबल. खोली वरची म्हणून सगळं वरचं. दाखल होताना हे कोणीही सांगत नाही.

विमा असेल तर याचं दुसरं टोक. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा पाच हजार आणि तुम्ही घेतली आठ हजारांची, तर कंपनी फक्त वरचे तीन हजार कापत नाही, त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी वगैरेही कापते. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि आयसीयूचे आकार यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. कापली असेल तर भांडा. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला पाच हजारांवरच्या खोलीला जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, तो वेगळा.

कन्झ्युमेबल्सच्या ओळीबद्दल. २०१८ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी इस्पितळांची बिलं तपासली. काही वस्तूंवरचा नफा १७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. यात एमआरपीचा भंग असेलच असं नाही, कारण मोठा खरेदीदार उत्पादकाकडून एमआरपीच चढी छापून घेतो. दोष छापील किमतीत लपलेला असतो, बिल बघून तो दिसत नाही. म्हणून नुसता हिशेब हातात आला की काम झालं असं मला वाटत नाही. काही वस्तूंना वरची मर्यादा हवीच.

---

डॉ_सांगेकर

हिशेबनीस, मुद्दा बरोबर. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची किंमत बांधली, औषधी स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०. त्याआधी औषधी स्टेंट लाखाच्या वर जात असे. वस्तूची किंमत बांधता येते, कारण वस्तू सगळीकडे सारखी. माझ्या दोन तासांची किंमत बांधताना मात्र पेशंट किती अवघड होता हे कागदावर कसं आणणार?

---

हिशेबनीस

डॉक्टर, पण सरकार ती आजही बांधतंच आहे! गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विमा योजना २०१६ पासून चालू आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. प्रत्येक ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं, आणि खासगी इस्पितळं त्या दरात करतात. मग कार्ड नसलेल्याला तो दर निदान बघायला तरी मिळू दे.

---

डॉ_सांगेकर

बघायला जरूर मिळू दे. पण त्या दरात करतात म्हणजे परवडतं असं समजू नका. ते पॅकेज कसं बसवायचं याची कसरत असते, आणि योजना कुठलीही असो, पैसे हातात यायला वेळ लागतो. मोठं इस्पितळ थांबू शकतं. माझ्याकडे महिन्याच्या एक तारखेला नर्सचा पगार द्यावाच लागतो.

---

काणकोणची_सिस्टर

नर्सच्या पगाराचा विषय निघालाच आहे तर बोलते. मी खासगीत नोकरी केली आहे, आता सोडली.

सगळे बिलावर बोलताय. रात्री अडीच वाजता मजल्यावर किती माणसं असतात, हे कोणी विचारलंय? मी एकटी एका मजल्यावर असायचे आणि माझ्या मदतीला असायची ती मुलगी जीएनएम नव्हती, एएनएमसुद्धा नव्हती, म्हणजे नर्सिंगचा कुठलाच कोर्स झालेला नव्हता. बारावी झालेली, गुणी, शिकायची तयारी असलेली पोर. तिला सलाईन बदलायला शिकवलं होतं. अंगावर गणवेश एकच, त्यामुळे नातेवाईक तिलाही सिस्टरच म्हणायचे. तपासणी यायची तेव्हा आधी कळायचं आणि त्या दिवशी ड्यूटी चार्टवर आम्ही सगळ्या सुट्टीवाल्यासुद्धा असायचो.

बिल जास्त लागलं तर माणूस कर्ज काढतो, फेडतो. इंजेक्शनचा डोस चुकला तर काय फेडणार? कायद्यात किमान मानकं लिहिली आहेत, त्यात माणसांची संख्या आणि शिक्षण पण येतं. ते रात्री न कळवता येऊन तपासा. डॉक्टरसाहेब, तुमच्या कागदपत्रांचा त्रास मी समजते. पण पंधरा खाटा असोत की दोनशे, शिकलेली नर्स हवी, यात लहान-मोठं काही नाही.

---

डॉ_सांगेकर

सिस्टर, यावर मी वाद घालणार नाही. तुमचं बरोबर आहे. एवढंच म्हणेन की शिकलेल्या मुली सरकारी जागांची जाहिरात आली की जातात, नाहीतर परदेशात जातात. आणि सांग्यात यायला तयार नसतात. तरी शिकलेली नर्स नसेल तर खाटा कमी कराव्यात, हेच योग्य. मी बारावरून पंधरा केल्या त्या दोन नर्स मिळाल्यावरच.

---

नवीन_सभासद_७

सिस्टरांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. +१

---

वकीलबाई_म्हापसा

बरीच माहिती आली आहे, कायद्याची बाजू मी मांडते.

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. त्याच्या २०१२ च्या नियमांत दर दर्शनी भागात, स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लावायचे आणि सरकारने ठरवलेल्या मर्यादेत आकारायचे, असं आहे. ती मर्यादा ठरलीच नाही. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारणा केली आणि दर ठरवले नाहीत तर तात्पुरते सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेचे दर लावायचा विचार करू, असंही सुनावलं. पण तो नियम केंद्रीय कायद्याचा. गोव्याचा कायदा वेगळा, तेव्हा इथे काय हवं ते इथल्या विधानसभेकडे आणि आरोग्य खात्याकडेच मागावं लागेल. इस्पितळातल्याच दुकानातून औषधं घ्यायची सक्ती हा विषयही मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांकडेच सोपवला.

शेजारी महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक इस्पितळात लावणं बंधनकारक झालं. लावलं जातं का, हा वेगळा प्रश्न. दोडामार्गी सांगतील.

आता हातात काय आहे ते. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला डॉक्टर बांधील आहेत, हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. बिलासाठी माणूस किंवा मृतदेह अडवून ठेवता येत नाही. थकबाकी वसूल करायला दिवाणी मार्ग आहे, दार बंद करणं हा मार्ग नाही. जाईताई, तुमचा 'गेटपास' हा शब्दच मला खटकला. आणि ग्राहक आयोग. १९९५ पासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी शून्य, मुदत दोन वर्षं. मी अशी प्रकरणं चालवते. जास्तीच्या आकारणीच्या तक्रारीत इस्पितळं बहुधा तडजोडीला येतात, कारण आयोगासमोर 'इतर सेवा' या ओळीचं उत्तर देता येत नाही.

---

मडगावकर_नाना

वकीलबाई म्हणतात ते खरं, पण आयोगाची पायरी चढायला माणूस मुळात बरा झालेला हवा. मला एक मूलभूत अडचण दिसते. सरकार स्वतः इस्पितळं चालवतं. सरकारच योजनेतून खासगीवाल्यांना पैसे देतं. परवाना द्यायचा तोही सरकारनेच. मग खासगीवाल्याविरुद्ध तक्रार घेऊन मी त्याच खात्याकडे गेलो, तर ते खातं ज्याच्याशी पैशांचा व्यवहार करतं त्याच्यावर कारवाई किती जोमाने करेल? तक्रार ऐकणारा वेगळाच हवा. पश्चिम बंगालने २०१७ च्या कायद्याने खास आयोग नेमला, तो भरपाईचे आदेश देतो. याउलट त्याच वर्षी कर्नाटकाने कायदा कडक करायला घेतला, त्यात डॉक्टरांना तुरुंगाची तरतूद होती. नोव्हेंबरमध्ये खासगी डॉक्टर संपावर गेले, रुग्णांचे हाल झाले आणि विधेयक सौम्य करावं लागलं. तुरुंगाची भीती घालून काही हाती लागत नाही. तक्रार ठरावीक दिवसांत ऐकली जाते, एवढा विश्वास पुरे.

---

तिस्क_फोंडा

नाना, एवढ्याशा राज्याला आणखी एक आयोग? अध्यक्ष, गाडी, कार्यालय, आणि मग सगळं तसंच.

---

मडगावकर_नाना

राज्य एवढंसं आहे म्हणूनच हवा बाबा. इथे इस्पितळाचा मालक, आमदार आणि तक्रार करणारा एकाच लग्नाच्या पंगतीत बसतात. त्या ओळखीच्या बाहेरचा कोणी ऐकणारा हवा.

---

धागाराखण

पंगतीत काय वाढलं होतं याच्या चर्चेचे सहा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. खतखत्याचा वाद तिथे चालू ठेवावा.

---

म्हार्दोळची_जाई

धागा वर काढते, कारण सांगण्यासारखं आहे.

वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज केला, पोच घेतली. हिशेबनीस, तुमचा अंदाज बरोबर निघाला. आत्याला दाखल करताना "जनरलला जागा नाही" म्हणून वरच्या वर्गाची खोली दिली होती, आणि त्या एका कारणाने सर्जनची फी, भूल, ओटी सगळं चढलं होतं. सांगितलेला आकडा खालच्या वर्गाचा होता. हे कुठेही लिहून दिलं नव्हतं आणि आमची सही घेतली ती कोऱ्या संमतिपत्रावर.

तपशीलवार बिल सहा पानांचं आहे. 'इतर सेवा' मध्ये एक 'ॲडमिशन किट' दोनदा लावलं होतं. परत केलेली इंजेक्शनं वजा केली नव्हती. आहारतज्ज्ञाच्या भेटी लावल्या होत्या, आत्या म्हणते अशी कोणी बाई आलीच नाही. हे सगळं दाखवल्यावर त्यांनी नऊ हजार चारशे रुपये परत केले. वादावादी झाली नाही. अकाउंट्सच्या गृहस्थांनी नीट बसून एकेक ओळ बघितली. पहिल्याच दिवशी असं बसले असते तर हा धागाच निघाला नसता. खोलीच्या वर्गाचा फरक मात्र "पॉलिसी आहे" म्हणून तसाच राहिला. त्यासाठी मी आयोगाकडे जाणार आहे.

हिशेबनीस, तुमच्यामुळे माझं मत थोडं बदललं. हिशेब हवाच, पण त्याबरोबर एक साधा नियम हवा : जागा नाही म्हणून वरची खोली दिली तर आकार खालच्याच वर्गाचा. आणि दाखल होतानाचा अंदाज वर्गासकट लेखी. याला डॉक्टरांचे तास मोजावे लागत नाहीत.

---

डॉ_सांगेकर

हा नियम मी उद्यापासून पाळायला तयार आहे. माझ्याकडे वर्ग दोनच आहेत, पण अंदाजाचा छापील कागद नव्हता. करून घेतो. खर्च अंदाजापेक्षा ठरावीक टक्क्यांनी वाढतोय असं दिसलं की त्याच दिवशी नातेवाईकांना सांगून सही घ्यायची, असंही त्यात टाकतो. मडगावच्या आमच्या सहकाऱ्यांशीही बोलेन. मोठ्यांचं मी सांगू शकत नाही.

---

काणकोणची_सिस्टर

डॉक्टरसाहेब, त्या कागदावर रात्रपाळीला शिकलेल्या किती नर्स असतील तेही छापा. लोकांना विचारायची सवय लागू दे.

---

डॉ_सांगेकर

छापतो. सध्या एक. दुसरी मिळाली की दोन.

---

दोडामार्गी

वकीलबाई, एक शंका. आमचा पेशंट गोव्यातल्या खासगी इस्पितळात होता, बिलाचा असाच घोळ आहे, लेखी अर्ज आता करतो. पण तक्रार करायला आम्ही खंय जावचा? प्रत्येक तारखेला पर्वरीला येणं जमणार नाही.

---

वकीलबाई_म्हापसा

यायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. तुम्ही सिंधुदुर्गाच्या आयोगाकडे करा, इस्पितळाला तिकडे यावं लागेल. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. बिल, भरल्याची पावती, डिस्चार्ज कार्ड, लेखी अर्जाची पोच आणि दाखल होताना काही लिहून दिलं असेल तर तो कागद, एवढं स्कॅन करून ठेवा. मसुदा मला निरोपातून पाठवलात तर बघून देईन.